बातमीदारीतून पर्यावरणाच्या राजकारणात उतरताना: कोकणातल्या वार्ताहरांसाठी

समुद्रकाठच्या तालुक्यात दहा-पंधरा वर्षे बातमीदारी केलेल्या माणसाच्या वाट्याला एक प्रसंग कधी ना कधी येतोच. एखाद्या प्रकल्पाच्या बैठकीत तो वही उघडून कोपऱ्यात बसलेला असतो, व्यासपीठावरून अधिकारी आकडे सांगत असतात, आणि मागच्या बाकावरची एखादी म्हातारी त्याच्याकडे वळून म्हणते, "आता तुमीच काय ता बोला, तुमका सगळा ठावक आसा." माझ्या वाट्याला तो प्रसंग आला तेव्हा मी गप्प राहिलो, आणि ते योग्यच केले असे मला आजही वाटते, कारण त्या दिवशी मी वार्ताहर म्हणून तिथे गेलो होतो. पुढे मी वार्ताहरकी सोडली, गावच्या पॅनेलमधून निवडून आलो आणि तालुक्यातल्या पर्यावरणवादी मंडळींची राजकीय बांधणी करू लागलो. याच वाटेने येऊ पाहणाऱ्या तरुण पत्रकारांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहीत आहे.

कोकणाला संपादकाने नेता होणे नवे नाही. मराठीतले पहिले वृत्तपत्र 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी काढणारे बाळशास्त्री जांभेकर देवगडजवळच्या पोंभुर्ल्याचे, आणि १८८१ मध्ये सुरू झालेल्या 'केसरी'तून देशाचे पुढारी झालेले टिळक जन्माने रत्नागिरीचे. मात्र त्यांचा काळ वेगळा होता. आज पत्रकाराजवळ राजकारणात नेण्यासारखी एकच पुंजी आहे, ती म्हणजे तपासल्याशिवाय न बोलण्याची सवय. ओळखी आणि वक्तृत्व इतरांकडेही भरपूर असते. या वाटेवरच्या प्रत्येक वळणावर ती सवय सोडून देण्याचा मोह होतो, म्हणून पुढचे सगळे सांगणे त्या सवयीभोवतीच फिरणार आहे.

आधी कागद गोळा करा

पत्रकार असतानाच पुढच्या कामाचा पाया घालता येतो. आपल्या तालुक्यातल्या एकाच प्रश्नाचा, मग तो खाडीचा असो, चिरेखाणींचा असो की वाळूउपशाचा, सलग तीन-चार वर्षांचा कागद जमवा. सातबारा, फेरफार, ग्रामसभेचे ठराव, खनिकर्म विभागाचे परवाने, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमतिपत्रे आणि त्यांतल्या अटी हे सर्व माहितीच्या अधिकारात मिळते. महाराष्ट्रात अर्जाला दहा रुपयांचे शुल्क आहे, अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांचा असावा लागतो, उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते, आणि उत्तर आले नाही किंवा अपुरे आले तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील करावे लागते. ही मुदत चुकवणारे पत्रकार मी पुष्कळ पाहिले आहेत. बातमी छापून आली की त्यांना अर्जाचा विसर पडतो. नेता होऊ पाहणाऱ्याने तो पडू देऊ नये, कारण बातमी दुसऱ्या दिवशी शिळी होते आणि अपिलाचा निकाल दहा वर्षांनीही कामाला येतो.

समुद्रकाठच्या बांधकामांसाठी किनारपट्टी नियमन क्षेत्राची अधिसूचना वाचलेली असलीच पाहिजे. पहिली १९९१ ची, दुसरी २०११ ची आणि सध्याची २०१९ ची. ताज्या अधिसूचनेनुसार दाट वस्तीच्या, म्हणजे चौरस किलोमीटरला २,१६१ हून अधिक लोकसंख्येच्या ग्रामीण भागात भरतीरेषेपासून ५० मीटर आणि विरळ वस्तीच्या भागात २०० मीटर हा ना-विकास पट्टा आहे. आपल्या किनाऱ्यावरची बहुतेक गावे विरळ वस्तीतच मोडतात. तरीही हॉटेलवाल्याने ५० मीटरची भाषा सुरू केली की गावात ती कुणी तपासून पाहत नाही. तुम्ही मंजूर नकाशा काढून, त्यावर गट नंबर बसवून दाखवलात, तर पुढचे भाषण करण्याची गरजही उरत नाही.

माझी एक चूक येथे सांगतो. एका मे महिन्याच्या शेवटी आमच्या खाडीत मेलेले मासे तरंगत आले. पहाटे होडीतून गेलो तर कांदळवनाच्या मुळांत बोय आणि पालू अडकून पडलेले होते, पोटे वर, डोळे पांढरे झालेले, आणि पाण्यावर साबणासारखा फेस. मी बातमीत 'हजारो मासे' असे लिहिले आणि वरच्या बाजूच्या एका कारखान्याचे नाव सूचित केले. दुसऱ्या दिवशी त्या कंपनीच्या माणसाने दोनच प्रश्न विचारले: किती मासे मोजलेत, आणि पाण्याचा नमुना कुणी घेतला? माझ्याकडे दोन्हींचे उत्तर नव्हते. पहिल्या पावसाच्या लोंढ्यात गाळ उसळून पाण्यातला प्राणवायू घटला तरी मासे मरू शकतात, हेही मला तेव्हा माहीत नव्हते. कारखाना दोषी होता की नाही हे शेवटपर्यंत ठरले नाही, आणि त्याला माझी घाई कारणीभूत झाली.

तेव्हापासून मी एक पद्धत पाळतो. दहा मीटर काठ पावलांनी मोजून तेवढ्यातले मासे मोजायचे, जात लिहायची, वेळ आणि भरती-ओहोटी नोंदवायची, आणि त्याच तासाला प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याला लेखी कळवून नमुना घ्यायला लावायचे. १९७४ च्या जल कायद्यात मंडळाच्या अधिकाऱ्याने ठरलेल्या रीतीने, संबंधिताला नोटीस देऊन घेतलेला नमुनाच न्यायालयात टिकतो. आपण बिसलेरीच्या बाटलीत भरलेले पाणी गावाला दाखवायला ठीक असते, पण न्यायाधीशापुढे त्याचा पुरावा होत नाही.

लेखणी खाली ठेवण्याची तारीख ठरवा

हा टप्पा सर्वांत जास्त टाळला जातो आणि सर्वांत जास्त नुकसानही इथेच होते. पक्षाचे काम सुरू केल्यावरही कित्येक जण ओळखपत्र खिशात ठेवतात, स्वतःच्या सभेची बातमी स्वतःच पाठवतात आणि विरोधकाची बातमी दाबतात. निवडणुकीत अशा बातमीला पेड न्यूजचा वास येतो, आणि तो यायलाही हवा. तुम्ही एक तारीख ठरवा, संपादकांना राजीनामा लिहून द्या, ओळखपत्र परत करा, आणि त्या तारखेनंतर बातमी म्हणून एकही ओळ लिहू नका. सही करून लेख लिहा, पत्रक काढा, पण बातमीदाराच्या आवाजात बोलू नका.

जाहिरातींचा हिशेबही त्याच दिवशी संपवा. तालुका वार्ताहराचे पोट मानधनावर चालत नाही, ते दिवाळी आणि वाढदिवसाच्या पुरवण्यांच्या जाहिरातींतल्या कमिशनवर चालते, आणि त्या जाहिराती देणाऱ्यांत खाणवाले, ठेकेदार आणि बिल्डर असतात. ज्यांच्याकडून येणे बाकी आहे आणि ज्यांचे देणे आहे त्यांची यादी करून ती पूर्ण फेडा. उद्या तुम्ही त्यांच्या खाणीविरुद्ध बोलाल तेव्हा पहिला कागद तोच बाहेर येईल.

धोक्याचाही विचार करून ठेवा. बारसूच्या प्रस्तावित तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या, म्हणजे रिफायनरीच्या प्रश्नावर लिहिणारे राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे यांचा फेब्रुवारी २०२३ मध्ये गाडीची धडक बसून मृत्यू झाला आणि त्या प्रकरणी खुनाचा गुन्हा दाखल झाला. हे आपल्याच भागात घडले आहे. महाराष्ट्रात पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध २०१७ चा कायदा आहे, पण तो पत्रकारितेचे काम करणाऱ्याला लागू होतो; कार्ड परत केल्यावर तुम्ही त्याच्या कक्षेबाहेर जाता. म्हणून रात्री एकट्याने दुचाकीवरून फिरणे सोडा, धमकी आली की त्याच दिवशी पोलिसांत लेखी द्या, आणि कागदांच्या प्रती घराबाहेर किमान दोन ठिकाणी ठेवा. घरच्यांशी हे सगळे आधी बोला. माझ्या पत्नीला मी उशिरा सांगितले, आणि त्याची खंत मला अजून आहे.

गावापासून सुरुवात करा

नोएल मामेर हा फ्रान्समधला दूरचित्रवाणीवरचा प्रसिद्ध पत्रकार. दुपारच्या बातम्या सांगणारा चेहरा म्हणून तो घरोघरी ओळखीचा होता. तो पर्यावरणवादी राजकारणात आला, २००२ मध्ये हरित पक्षातर्फे राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिला आणि त्याला ५.२५ टक्के मते मिळाली. पण त्याची खरी कमाई बोर्दोशेजारच्या बेग्ल या गावात आहे, जिथे तो १९८९ ते २०१७ अशी अठ्ठावीस वर्षे महापौर होता. देशभर पसरलेल्या त्याच्या मतांना राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत यश आले नाही, तर एका गावात साठलेल्या मतांनी त्याला जवळजवळ तीन दशके कारभार दिला.

आपल्यासाठी याचा अर्थ आणखी स्पष्ट आहे. जर्मनीतले हरित १९८३ मध्ये ५.६ टक्के मतांवर संसदेत पोचले, कारण तिथे मतांच्या प्रमाणात जागा मिळतात. आपल्याकडे ज्याला सर्वाधिक मते तो निवडून येतो. जिल्हाभर विखुरलेली पाच टक्के मते म्हणजे अनामत रकमेवर पाणी. विधानसभेला वैध मतांच्या एक षष्ठांशाहून कमी मते पडली की ती जप्त होते. याउलट ग्रामपंचायतीच्या प्रभागात काहीशे मतांवर निकाल लागतो, आणि त्या काहीशे घरांतली चूल तुम्हाला ओळखीची असते.

महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, पॅनेलवर होते, हे नव्या माणसाच्या फायद्याचे आहे. पक्षाची नोंदणी होण्याची वाट न पाहता पॅनेल उभे करता येते. उमेदवार निवडताना वय २१ पूर्ण आहे ना, १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे दोनाहून अधिक अपत्ये होत नाहीत ना, जातवैधता प्रमाणपत्राची तजवीज आहे ना आणि ग्रामपंचायतीच्या कुठल्या ठेक्यात हितसंबंध नाही ना, हे स्वतः कागद पाहून तपासा. तोंडी शब्दावर विश्वास ठेवलेली पॅनेले छाननीच्या दिवशी मोडताना मी वृत्तांकन करत असताना अनेकदा पाहिली होती.

निवडून आल्यावर खरे हत्यार ग्रामसभा आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या ग्रामसभा बहुतेक गावांत गणसंख्येअभावी तहकूब होतात आणि तहकूब सभेत पाच-सहा माणसांच्या सह्यांवर ठराव होतात. त्या सभेला माणसे आणणे हे तुमचे पहिले राजकीय काम. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने २०११ मध्ये अहवाल दिला, त्यात सिंधुदुर्गातल्या पंचवीसच्या आसपास ग्रामपंचायतींनी आपले गाव पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रात घ्यावे असे ठराव करून कळवल्याची नोंद आहे. खाणींच्या भीतीने, स्वतःहून केलेले ते ठराव होते. लोकांना पर्यावरण नको आहे असे म्हणणाऱ्याला दाखवायला याहून चांगला कागद नाही.

गावात राहणाऱ्या माणसांइतकेच मुंबईकडच्या माणसांकडेही लक्ष द्या. कोकणातल्या वाडीचा निम्मा निर्णय परळ-लालबागच्या एखाद्या खोलीत, रविवारी दुपारी होणाऱ्या मुंबई मंडळाच्या बैठकीत होतो. सामाईक सातबाऱ्यावर ज्यांची नावे आहेत ते चुलत-भाऊबंद तिकडे असतात आणि दलाल आधी त्यांच्याच दारी जातो. शिमग्याला आणि गणपतीला ते गावी येतात तेव्हा सभा ठेवू नका. पालखी नाचवायला आलेल्या माणसाला भाषण नको असते. त्याऐवजी त्याला त्याच्या घराण्याचा फेरफार दाखवा. मंडळाच्या बैठकीला मात्र स्वतः मुंबईला जा. बायकांच्या बचत गटांना मी शेवटी उल्लेखत आहे, पण कामात त्यांचा क्रम पहिला ठेवा. एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, रिफायनरीसाठीच्या माती परीक्षणाच्या गाड्यांपुढे रस्त्यावर आडव्या पडलेल्या बायकाच होत्या.

पक्षाची नोंदणी

हाती काही ग्रामपंचायती आल्यावर जिल्हा परिषद आणि पंचायत समितीचा विचार करता येतो. तिथे चिन्ह लागते. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९क नुसार पक्ष स्थापन झाल्यापासून ३० दिवसांच्या आत भारत निवडणूक आयोगाकडे अर्ज करावा लागतो. सोबत दहा हजार रुपयांचा धनाकर्ष (डिमांड ड्राफ्ट), किमान १०० मतदार सदस्यांची प्रतिज्ञापत्रे, आणि घटना. घटनेत संविधानावरील निष्ठेचा ठरलेला मजकूर, अंतर्गत निवडणुकांची तरतूद आणि नोंदणीनंतर पाच वर्षांत निवडणूक लढवण्याची हमी असावी लागते. पक्षाच्या नावाची जाहीर सूचना दोन राष्ट्रीय आणि दोन स्थानिक दैनिकांत द्यावी लागते. स्थानिक संस्थांच्या निवडणुकांसाठी राज्य निवडणूक आयोगाकडील नोंदणी वेगळी आहे.

हे सारे जमते. त्यानंतरचा हिशेब जमत नाही. वीस हजार रुपयांवरच्या देणग्यांचा अहवाल दरवर्षी द्यावा लागतो आणि दोन हजारांवर रोख देणगी घेता येत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आयोगाने २०१९ पासून एकही निवडणूक न लढलेल्या ३३४ नोंदणीकृत पक्षांची नावे यादीतून काढली. तेव्हा खजिनदार म्हणून गावातला एखादा निवृत्त बँक कर्मचारी धरा, आणि त्याने नाही म्हटल्यावर आग्रह करू नका.

जनसुनावणीला कसे जावे

पर्यावरणवादी पक्षाची परीक्षा मतदानाच्या दिवसापेक्षा जनसुनावणीच्या दिवशी जास्त होते. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेप्रमाणे सुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते, स्थानिक भाषेतला सारांश उपलब्ध करावा लागतो, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी दर्जाहून कमी नसलेला प्रतिनिधी लागतो, आणि संपूर्ण कामकाजाचे चित्रीकरण करावे लागते. सुनावणीला गणसंख्येची अट नाही, हे पक्के लक्षात ठेवा. गावाने बहिष्कार टाकला तरी सुनावणी झाली असेच धरले जाते. म्हणून बहिष्कारापेक्षा लेखी हरकती केव्हाही बऱ्या. जैतापूरच्या ९,९०० मेगावॅटच्या अणुप्रकल्पाची सुनावणी २०१० मध्ये झाली, तेव्हा मराठीतला अहवाल गावांना वेळेवर मिळाला नाही अशी तक्रार होती. असे झाले तर तक्रार त्याच व्यासपीठावर, चित्रीकरणात, नोंदवून घ्या.

हरकती विषयवार वाटून द्या. होडी चालवणाऱ्या तांडेलाने माशांच्या जागा आणि हंगाम सांगावा, बागायतदाराने मोहोराच्या वेळचे वारे आणि धूळ सांगावी, गुराख्याने सड्यावरची पाणवठ्याची डबकी दाखवावी. अहवालात सडा बहुधा 'पड' म्हणून लिहिलेला असतो. त्याच कातळावर श्रावणात सीतेच्या आसवांची निळी जांभळी चादर पसरते, गुरे चरतात, खालच्या विहिरींना पाणी उतरते, आणि त्यावर कोरलेली कातळशिल्पे २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. हे तुम्ही बोलण्यापेक्षा तिथे गुरे नेणाऱ्याने बोलावे. शेवटी अध्यक्षांनी मुद्द्यांचा गोषवारा स्थानिक भाषेत वाचून दाखवायचा असतो. तो वाचला जाईपर्यंत मंडपातून उठू नका. पुढे मंजुरी मिळाली तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठात अपिलासाठी ३० दिवस असतात आणि सबळ कारण दिल्यास आणखी ६०. त्यापुढे दार बंद.

"मग पोरांनी काय करायचं?"

हा प्रश्न प्रत्येक वाडीत विचारला जातो आणि तो प्रामाणिक असतो. रिफायनरीसाठी आधी ठरलेल्या नाणारची अधिसूचना मार्च २०१९ मध्ये रद्द झाली, आणि ती रद्द करवून घेणाऱ्या पक्षाच्याच मुख्यमंत्र्यांनी जानेवारी २०२२ मध्ये बारसूची जागा केंद्राला सुचवली. लोक हे विसरलेले नाहीत, म्हणूनच ते नव्या माणसाकडे वळतात, पण नुसत्या विरोधावर ते फार काळ थांबणार नाहीत. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या तालुक्यातल्या किती बागायतदारांनी त्याची नोंदणी केली, याची यादी करा. जेटीवर बर्फ कुठून येतो आणि किती पडतो, ते विचारा. १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत खलाशांचे घर कशावर चालते, हे घरोघरी जाऊन लिहून काढा. बातमीदारीची सवय इथे पुन्हा कामाला येते: आधी नोंद, मग जाहीरनामा. आमच्या पहिल्या जाहीरनाम्यात चारच कामे होती, आणि प्रत्येकापुढे खर्च आणि तो कुठल्या निधीतून येईल ते लिहिले होते.

आणि एक दिवस तुमच्याच पॅनेलचा सरपंच, तुमच्याच शब्दावर निवडून आलेला, एखाद्या चिरेखाणीला ना-हरकत देईल. आमच्याकडे तो दिवस तिसऱ्या वर्षी आला. कार्यकर्ते म्हणाले, घरातली गोष्ट आहे, घरातच मिटवू. तुम्ही तसे करू नका. ठरावाची सत्यप्रत रीतसर अर्ज करून मागवा, सरपंचाला बोलावून त्याचे म्हणणे लिहून घ्या, सड्यावर जाऊन खाणीच्या हद्दी स्वतः पाहा, आणि पुढच्या ग्रामसभेत तो ठराव रद्द करण्याचा विषय आपल्या सहीने, सरपंचाच्या देखत मांडा. आमच्या सभेत तो तेरा मतांनी रद्द झाला. सरपंच आजही माझ्याशी बोलत नाही, आणि त्या सड्यावर यंदा गुरे चरत आहेत.